सरांच्या अंगणातली गाडी

उदगीरच्या रेणुकादास सरांनी जीपचं स्टेअरिंग आयुष्यात एकदाच धरलं होतं. क्लच सोडताना जीपनं अशी उडी घेतली, की समोरच्या आडतीतल्या तुरीच्या पोत्यांवर जाऊन बसली. त्यानंतर कित्येक वर्षं सर ड्रायव्हरच्या जागेवर बसले नाहीत. म्हणून यंदा, शाळेतून निवृत्त झाल्यावर, सर स्वतः गाडी चालवत धान्याच्या मोंढ्यातून गेले तेव्हा हमाल पाठीवरचं पोतं तसंच घेऊन बघत उभे राहिले.

गाडी विजेची होती. तिला क्लच नाही, गियर नाहीत. पाय दाबला की पळते, उचलला की आपली आपण मंदावते. आवाज नाही की धूर नाही. सरांना ती पहिल्या दिवशीच उमगली. जन्मभर फळ्यावर बॅटरी काढून दाखवल्या, आता एका मोठ्या बॅटरीवर बसून देवणीपर्यंत जाऊन येता येत होतं.

"सर, तुमी तर माझ्याहून मऊ चालवता," जीप हाकणारा साहेबराव शेजारी बसून म्हणाला. "माझा पाय जीपचा हाय. सवारी झोपली की दणका द्यायची सवय."

"तू शाळेतही तसाच होतास. सगळे जागे असले की झोपायचास."

"ते बी खरंय."

गाडी या साहेबरावची. म्हणजे त्याच्या मुलीला, मृण्मयीला, बक्षीस मिळालेली. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत पोरीनं एवढे मार्क काढले की आसपासच्या तालुक्यांत तिच्या जवळपास कोणी नव्हतं. लातूरच्या एका संस्थेनं हुशार पोरींना बक्षिसं वाटली, त्यात ही गाडी मिळाली, असं साहेबरावनं सांगितलं होतं. सरांनी खोदून विचारलं नाही. पोरगी पुढं आली यातच त्यांना सगळं मिळालं होतं, कारण तिला शिकवलं होतं त्यांनी. आठवीपासून रोज संध्याकाळी, आपल्या अंगणात भिंतीला फळा टेकवून. एरवी ती त्यांना आजोबा म्हणायची. फळा मांडला की मात्र सर. हा नियम तिनंच लहानपणी घातला होता आणि कधी मोडला नव्हता. गणित दिलं की ती थेट उत्तराच्या मागं लागायची आणि सर म्हणायचे, "आकृती काढ आधी. उत्तर कुठं पळून चाललंय?"

सगळा तालुका तेव्हा पोरं लातूरच्या क्लासेसना पाठवत होता. आया पोरांसोबत एकेका खोलीत राहून डबे करत होत्या. मृण्मयी गेली नाही. सरांनी तिच्याकडून काही घेतलं नाही, मागितलंही नाही. एकच हौस मनात होती. शाळेच्या हॉलमध्ये तिचा लहानसा सत्कार व्हावा आणि तिनं चार माणसांसमोर म्हणावं, मी रेणुकादास सरांची विद्यार्थिनी. निकालानंतर त्यांनी दोनदा दिवस ठरवला. दोन्ही वेळा साहेबरावचं काहीतरी निघालं.

साहेबराव म्हणजे घरातलाच. भूकंपाच्या साली उदगीरच्या शिक्षकांचा एक ट्रक भाकरी आणि पांघरुणं घेऊन किल्लारीकडं गेला होता. परत निघताना एक पोरगा ट्रकच्या मागं पळायला लागला. त्याच्या घरातलं कोणी उरलं नव्हतं. रडत नव्हता, हाक मारत नव्हता, नुसता पळत होता. ट्रकमधले म्हणाले, किती जणांना नेणार आपण? तरण्या रेणुकादास सरांनी केबिनचा पत्रा दोन्ही हातांनी बडवून बडवून ट्रक थांबवला. ते पोर त्यांच्या ओसरीवर वाढलं. पुस्तकात रमलं नाही, जीपवर रमलं. लग्न सरांनी लावून दिलं, घरामागच्या दोन खोल्याही सरांनीच दिल्या. त्या बोळात गाडी शिरत नव्हती, म्हणून ती सरांच्या अंगणात उभी राहायची आणि सरांच्याच प्लगवर चार्ज व्हायची. त्यासाठी सरांनी मीटरपासून जाड वायर ओढून घेतली होती. दिवेलागणीला प्लग लावला की गाडीवर हिरवा दिवा उघडझाप करायचा आणि सर खुर्ची टाकून बघत बसायचे. त्यांची बायको, विमलकाकू, दारातून विचारायची, "पिलं का पोटभर तुमचं वासरू?"

मृण्मयीला नांदेडला प्रवेश मिळाला. दसऱ्याच्या आधी काकूंनी तिच्यासाठी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी केली, तेव्हा सर म्हणाले, "मी चालवत नेतो."

"लांब हाय सर. मी एकटाच जाऊन येतो की," साहेबराव म्हणाला.

"गाडी पूर्ण भरलीय. तिथं आपण जेवेपर्यंत परतीपुरती भरून घेऊ."

साहेबरावनं काकूंकडं पाहिलं. काकू डब्याचं झाकण बसवत होत्या. ते आधीच बसलेलं होतं.

मुखेडचा बाजार ओलांडल्यावर साहेबराव म्हणाला, आता मी घेतो. सरांनी दिली नाही. नांदेड जवळ आलं तसा तो म्हणाला, बाहेरच्या रस्त्यानं जाऊ, गर्दी नसती. सर म्हणाले, "कॉलेज सरळ आहे, मग वाकडं कशाला जायचं?" साहेबराव खिडकीबाहेर बघत राहिला.

आधी सरांना ती पांढरी गाडी दिसली. आपण बसलोय तीच, तोच नंबर. एका दुमजली इमारतीवरच्या फलकावर ती उभी होती. तिच्याशेजारी सूट घातलेला एक माणूस साहेबरावच्या हातात किल्ली देत होता आणि मधे मृण्मयी हसत होती. वर लातूरच्या एका मोठ्या क्लासचं नाव. खाली मोठ्या अक्षरांत, "दोन वर्षं आमच्याच वर्गात!" त्याच्याही खाली, "आमच्या डायरेक्टर सरांचा मंत्र: आकृती काढ आधी. उत्तर कुठं पळून चाललंय?"

सरांचा पाय आपोआप उचलला गेला. गाडी मंदावत मंदावत रस्त्याच्या कडेला थांबली. मागून हॉर्न वाजू लागले.

निकालानंतर तीन दिवस पेपर आला नव्हता. पेपरवाल्याकडं मयत झाली, असं साहेबरावनं सांगितलं होतं. सरांचा फोन साधा, त्यावर चित्रं येत नव्हती. आता त्यांना आठवलं, कट्ट्यावर आपण मृण्मयीचं नाव काढलं की माणसं पावसापाण्याचं बोलायला लागायची. म्हणजे गल्लीला माहीत होतं.

"ही पोरगी त्या वर्गात कधी बसली?" सरांनी विचारलं.

"न्हाई बसली."

"एक दिवस?"

"फोटोच्या दिवशी." साहेबराव स्वतःच्या गुडघ्यांकडं बघत होता. "निकालाच्या दुसऱ्या दिवशी ते लोक आले. म्हणले, फकस्त नाव लावू द्या."

"मला विचारायचं होतंस. मी हो म्हटलं असतं."

"म्हणूनच न्हाई विचारलं, सर." आता त्यानं मान वर केली. "तुमी हो म्हणला असता, अन् ही गाडी बी तुमीच दिलेली झाली असती. घर तुमचं, बायको तुमी बघून दिलेली, पोरीचं डोकं तुमी घडवलेलं. मी जन्मभर दुसऱ्याची जीप हाकली. एक वस्तू मला माझी पायजे होती."

"आणि ती माझ्या प्लगवर चार्ज करत होतास."

साहेबराव म्हणाला, "काकूंना ठावं हाय."

सर उतरले. डबा घेतला आणि कॉलेजच्या दिशेनं चालायला लागले. होस्टेलच्या फाटकाशी मृण्मयी पळतच आली. पांढरा एप्रन, गळ्यात ओळखपत्र. सरांचं तोंड बघून ती चालायला लागली.

"फलक बघितला," सर म्हणाले.

ती डब्याच्या कडीशी चाळा करत राहिली. "पप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडं काही मागितलं होतं, आजोबा."

"खालचं वाक्य कोणी दिलं त्या क्लासवाल्यांना?"

"मीच. त्यांनी विचारलं, तुला काय सांगून शिकवलं? मला दुसरं काही आलंच नाही. मला वाटलं, निदान एवढं तरी तुमचं राहू दे तिथं. बाकी सगळं खोटं होतं." तिचे डोळे भरून आले. "नाव त्यांनी स्वतःचं टाकलं. मला नंतर कळलं, आजोबा."

सर थांबले. ती सर म्हणेल, निदान तो एक शब्द तरी म्हणेल, म्हणून थांबले. दोन मैत्रिणी जवळून गेल्या. एकीनं विचारलं, "कोण गं हे?"

"माझे आजोबा आहेत, गावाकडचे," मृण्मयी म्हणाली.

सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, धपाटे आजच खा म्हणाले आणि निघाले.

बसस्थानकावरून त्यांनी घरी फोन लावला. "विमल, तुला माहीत होतं?"

पलीकडं कुकरची शिट्टी झाली. ती विरल्यावर काकू म्हणाल्या, "मी रोज सांगणार होते. पण तुम्ही गाडीत बसलात की हसायचात हो. शाळा सुटल्यापासून तुम्हाला हसताना बघितलं नव्हतं. मला वाटलं, अजून चार दिवस चालवू दे."

उदगीरची एसटी लागली होती. सरांना अगदी मागचं बाकडं मिळालं. बस गावाबाहेर पडली तेव्हा त्यांनी मागच्या काचेतून पाहिलं. पांढरी गाडी मागं होती. साहेबराव एकटाच चालवत होता. पुढं काढत नव्हता, मागंही राहत नव्हता. गाडी चार्ज न करता तो तसाच निघाला होता. नांदेडमध्ये गाडी थांबली तेव्हा बॅटरी निम्म्याहून कमी उरली होती, हे सरांनी स्वतः बघितलं होतं. मुखेडपर्यंत येईल, पुढं उदगीर गाठणार नाही. हे साहेबरावलाही कळत होतं.

मुखेडला बस थांबली. गाडीही लांब थांबली. तो उतरला नाही. सरही उतरले नाहीत.

मुखेड सोडून चढ लागला आणि गाडी मागं पडायला लागली. आधी हातभर, मग बैलगाडीच्या लांबीएवढी. बॅटरी आटली की ती अशीच रांगत चालते, मग कडेला जाऊन गप्प होते. तशी ती एका बाभळीखाली गेली. दार उघडलं. साहेबराव खाली उतरला आणि बसच्या मागं पळायला लागला. पोट सुटलेला चाळिशीचा माणूस, पायात चपला. हाक मारत नव्हता.

तिकिटं फाडत मागं आलेला कंडक्टर काचेतून वाकून बघत म्हणाला, "मामा, ती गाडी नांदेडपासून आपल्या मागं हाय. तुमच्यातलं कुणी हाय का?" त्याचा हात घंटीच्या दोरीवर होता. "थांबवू का?"

साहेबराव अजून पळत होता, पण लहान होत चालला होता.

"नाही," सर म्हणाले. "चालू द्या."

कंडक्टरनं दोरी सोडली. सर पुढं तोंड करून बसले आणि त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. वळण गेलं तरी ते काढले नाहीत.