आढ्याचा चोर

माझ्या नवऱ्याने, कोर्बिनियानने, मागच्या अंगणात शेड बांधायला घेतली आणि सगळ्यात आधी संशय घेतला तो मोजायच्या टेपवर.

आयुष्यभर बस चालवलेला माणूस. खिळा ठोकायला गेला की अंगठा सुजायचा. शेडचा आराखडा त्याने मुळ्याच्या बियांच्या पाकिटामागे काढला होता, आणि त्यात दार भिंतीवर आपटत उघडत होतं. ते मी दाखवलं तेव्हा म्हणाला, तसंच ठेवायचंय. खडी पसरली, फरशा मांडल्या, चार कोपऱ्यांना खुंट्या ठोकून दोरी ताणली.

"दोन्ही कर्ण मोज," मी म्हटलं. "सारखे आले तर कोपरे काटकोनात."

मोजले. एक कर्ण दुसऱ्यापेक्षा हातभर लांब.

"टेप खोटी आहे," कोर्बी म्हणाला. "दुकानदार नवशिक्याचं तोंड बघतो आणि असला माल गळ्यात मारतो."

"अरे, दोन्ही वेळा हीच टेप होती ना?"

"तेच म्हणतोय. दोन्ही वेळा खोटी."

नाचता येईना अंगण वाकडं. तो आत कॉफी पीत होता तेवढ्यात मी दोन खुंट्या सरकवल्या. बाहेर येऊन त्याने पुन्हा मोजलं आणि म्हणाला, "बघ झेंझी, उन्हाने टेप ताळ्यावर आली."  या माणसाशी संसार करायचा तर तोंडापेक्षा हात जास्त चालवावे लागतात.

शेडची गरजही मुळात त्याच्या संशयानेच आणली होती. आमची गवत कापायची मशीन, सायकली, फावडी, सगळं वर्षानुवर्षं शेजारच्या क्विरीनच्या गोठ्यात एका कोपऱ्यात असायचं. क्विरीन म्हणजे कोर्बीचा लंगोटीयार. तीन वर्षांपूर्वी आमची शिडी सापडेना. चांगली लांब, दोघांनी उचलायची लाकडी शिडी. कोर्बीने गावच्या खानावळीत, सगळी मंडळी बसलेली असताना विचारलं, "क्विरीन, माझी शिडी कुणाला विकलीस?"

क्विरीनने ग्लास खाली ठेवला आणि उठून गेला.

पुढच्याच आठवड्यात शिडी गावच्या अग्निशमन दलाच्या खोलीत सापडली. मे महिन्याच्या सणाला गावात उंच खांब उभारतात, त्यासाठी कोर्बीनेच ती दिली होती आणि साफ विसरला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्याने ती गुपचूप घरी आणली. माफी? ते नाव काढायचं नाही. उलट गोठ्यातलं सामान उचलून आणलं आणि माझ्या स्वयंपाकघराच्या दाराशी ताडपत्रीखाली गंजायला ठेवलं. तेव्हापासून आमच्याकडे पोस्टमन सोडून कुणी येईना. सणाला नाही, दुखण्याला नाही. त्याला त्याचं काही वाटत नव्हतं, असं तो म्हणायचा. मला मात्र फार वाटायचं.

म्हणून मला शेडचं कौतुक नव्हतं, छपराच्या माथ्यावरच्या तुळईचं, आढ्याचं होतं. आमच्या बव्हेरियात छप्पर लहान असो की मोठं, आढं चढायच्या आधी ते चोरायची रीत आहे. शेजारीपाजारी डोळा चुकवून ते पळवतात, फिती बांधून वाजतगाजत परत आणतात, मालक त्यांना बिअर नि जेवण देऊन ते सोडवतो आणि मग सगळे मिळून ते चढवतात. ज्याचं आढं चोरायला कुणी फिरकत नाही, तो माणूस गावात राहतो एवढंच. गावाचा नसतो. आमचं आढं कुणी चोरेल का, एवढीच एक गोष्ट मला जाणून घ्यायची होती.

खांब उभे राहिले, लाकूडवाल्याकडून आढं आलं आणि कोर्बीचं डोकं फिरलं.

"क्विरीनचा डोळा आहे त्याच्यावर," तो म्हणाला. "सकाळपासून तीनदा कुंपणाशी येऊन गेला."

"तिथे त्याच्या कोंबड्या आहेत."

"कोंबड्या हे निमित्त."

त्याने आढ्याला गाईच्या गळ्यातली घंटा बांधली आणि खुर्ची खिडकीत ओढली. जेवायलाही तिथेच. मी संधी साधून घंटेत जुना मोजा कोंबला.

कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. मग त्याच्या संशयाने कूस बदलली. "येत का नाहीत? काहीतरी शिजतंय." पुढे तेही बोलणं बंद झालं. एक दिवस पाहिलं तर आढं शेडपासून उचलून फाटकाजवळ ठेवलेलं.

"इथे ऊन चांगलं लागतं," तो म्हणाला. घंटाही काढली होती.

एरवी मी हसले असते. त्या दिवशी मला त्याची कीव आली.

रविवारी चर्चला निघताना त्याचं पोट दुखायला लागलं. मी एकटीच गेले. परत येते तर फाटकाजवळची जागा रिकामी आणि कोर्बी पायरीवर, घामाघूम.

"नेलं," तो म्हणाला. "सांगत नव्हतो? नेलं शेवटी. तू बटाट्याचं सॅलड कर, मी बिअरचं पिंप मागवतो. आज येतील."

त्याच्या बाहीला राळ चिकटली होती. गवत दबलं होतं ते फाटकाच्या बाजूला नाही, तर मागे, ओढ्याकडे. आणि बोलता बोलता त्याची नजर सारखी तिकडेच जात होती. चोराच्या मनात चांदणं. तो पिंप सांगायला गेला तशी मी ओढ्यावर गेले. झुडपांमागे जुना चुन्याचा खड्डा आहे, त्यात फांद्यांखाली आमचं आढं झोपवलेलं होतं.

आधी मला संताप आला. मग त्या म्हाताऱ्याने ते एकट्याने कसं ओढत आणलं असेल ते डोळ्यांसमोर आलं आणि मी तिथेच रडले. कुणी चोरत नाही हे गावाला दिसू नये म्हणून स्वतःचंच आढं चोरणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. घरी येऊन मी बटाटे सोलायला बसले. दुसरं काय करणार?

संध्याकाळपर्यंत कुणी आलं नाही. "उद्या येतील," तो म्हणाला.

सोमवारी सकाळी तो पाय मोकळे करायला म्हणून ओढ्याकडे गेला आणि पांढराफटक होऊन परतला.

"तू ओढ्याकडे गेली होतीस?"

"मी कशाला जाऊ? काय आहे तिकडे?"

"काही नाही."

तो आत गेल्यावर मी जाऊन पाहिलं. खड्डा रिकामा. आता मला त्याचा संशय, रागाच्या भरात कापून तर टाकलं नाही? आणि त्याला माझा. दुपारी आम्ही समोरासमोर बसून सूप प्यालो आणि एकमेकांचे हात बघत राहिलो.

तेवढ्यात रस्त्यावरून अकॉर्डियन ऐकू आला.

आढं खांद्यावर घेऊन पाच-सहा जण येत होते. फिती बांधलेल्या, टोकाला नाताळात सजवतात तसलं फरचं लहानसं झाड. पुढे क्विरीन. कोर्बी दारात उभा राहिला तो हलेचना. त्यांनी आढं अंगणात टेकवलं आणि क्विरीन हात धुवायला माझ्या स्वयंपाकघरात आला. तीन वर्षांनी.

"तुम्ही येणार होतात?" मी हळूच विचारलं.

"म्हणजे काय? आढं आहे म्हटल्यावर चोरायला नको? भांडण शिडीचं होतं झेंझी, आढ्याचं नव्हतं."

"मग इतके दिवस?"

"तुझा पहारेकरी खिडकीतून हलेल तर ना. शेवटी काल सगळे चर्चला दांडी मारून मागच्या वाटेने आलो, तर आढंच नाही. म्हटलं वरच्या गावातल्यांनी डल्ला मारला, आमची अब्रू गेली. रात्रीपर्यंत त्यांची सगळी कोठारं पालथी घातली." त्याने टॉवेल जागेवर अडकवला, अजून त्याला जागा माहीत होती. "मग आठवलं, लहानपणी चर्चच्या बागेतली पेअर चोरून मी नि कोर्बी कुठे लपवायचो ते."

मी पाठ फिरवून मुळा कापायला घेतला, कारण माझं तोंड त्याला दिसायला नको होतं.

बाहेर रीतीप्रमाणे चोरांची लुटुपुटीची चौकशी सुरू झाली. अग्निशमन दलाच्या प्रमुखाने खाकरून विचारलं, "चोरांनो, आढं कुठून उचललंत?"

कोर्बीने मान खाली घातली.

"अंगणातून," क्विरीन म्हणाला. "मालकाच्या नाकाखालून."

"अंगणातून," बाकीचेही म्हणाले. एकाच्याही चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

कोर्बी वळला आणि घरामागे गेला. मला वाटलं, आता हा कोंडून घेतो. पण तो शिडी घेऊन आला, एका टोकाला धरून, दुसरं टोक जमिनीवरून फरफटत. क्विरीनसमोर थांबला.

"ही अग्निशमन दलाच्या खोलीत होती," तो म्हणाला.  "तू नव्हती विकलीस. मीच नेऊन ठेवली होती. माझं चुकलं."

अकॉर्डियन थांबला. 

"माहीत आहे," क्विरीन म्हणाला. "दुसरं टोक मीच धरलं होतं, कोर्बी."

मग त्याने वाकून जमिनीवरचं टोक उचललं, आणि दोघं शिडी घेऊन शेडकडे गेले.