चाळीस वस्तूंचा डबा

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. लांबी नऊ इंच, रुंदी सहा, खोली चार. आज माझ्या पोटात एकेचाळीस चिठ्ठ्या आणि चाळीस वस्तू आहेत. त्यांतली मौल्यवान एकही नाही. जळकी काडी, चपलेचा तुटका अंगठा, किडका वाटाणा, वाळलेला झेंडू, असेच सगळे. मित्रांनो, एक चिठ्ठी जास्त का, हे सांगायचे तर जन्मापासून सांगावे लागेल.

नाशिकच्या भद्रकालीत रहेमानभाईंचे पत्राकामाचे दुकान आहे. १९३३ च्या उन्हाळ्यात त्यांनी घासलेटच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून मला घडवले, ते चहाची पूड ठेवण्यासाठी. पण चहाचा वास मला जेमतेम आठवडाभर लाभला. त्यांच्या धाकट्या बहिणीने, हमीदाने, मला मागून घेतले.

हमीदा मॅट्रिक झालेली. नवरा वारल्यावर ती भावाकडे आली होती, आणि आपल्या शिक्षणाचा काही उपयोग व्हावा असे तिला फार वाटे. नाशिकरोडकडच्या एका इस्पितळात शिकाऊ परिचारिकेची जागा होती. तिथे तिला एक दिवस काम देऊन पाहिले. इंग्रज मेट्रनबाई औषधांचा ट्रे तिच्या हाती देत म्हणाल्या, 'पुट इट अवे'. हमीदाला शब्द सगळे येत होते. पुट म्हणजे ठेवणे, अवे म्हणजे दूर. तिने मान हलवली आणि ट्रे व्हरांड्याच्या पार टोकाला नेऊन ठेवला. बाईंना तो कपाटात हवा होता. शोधण्यात बारा मिनिटे गेली, आणि तेवढा वेळ एक म्हातारा उघड्या जखमेनिशी बसून राहिला.

"तीन महिन्यांनी आणखी एकदा पाहू," बाईंनी सांगितले. "तेव्हाही जमले नाही तर जागा दुसरीला जाईल."

घरी येताच हमीदाने जुन्या कॅलेंडराच्या चिठ्ठ्या कापल्या. त्यांवर पुट ऑफ, पुट ऑन, टेक ऑफ, रन आऊट अशा जोड्या आणि त्यांचे अर्थ लिहून ती माझ्यात टाकू लागली. दुकानाच्या मागच्या खोलीत बसून ती त्या दिवसभर घोकत असे.

एका बुधवारी, बाजाराच्या दिवशी, नवसाबाई गळकी झारी दुरुस्तीला घेऊन आल्या. त्या देवळालीकडे फुले आणि भाजी पिकवत आणि कॅम्पातल्या साहेबांच्या बंगल्यांवर विकत.

"काय गं, मंत्र म्हनती का काय?" त्यांनी विचारले.

"इंग्रजी आहे, मावशी. पुट आऊट म्हणजे विझवणे, पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणे."

"आमच्या मडमा लय बोलत्यात तसं. पर अशी यादी नाय वाचत कुनी. मडम पुट आऊट म्हनली का खानसामा शेगडी इझवतो. म्या बघितलंय ना."

"आणि नाही समजलं तर?"

"तर टोपली खाली ठेवायची अन् म्हनायचं, 'मडम, शो.' मंग करून दावत्यात. उगं मान नाय हालवायची. म्या एकदा हालवली, तर तीन शेर वांगी भलत्याच बंगल्यात गेली!"

रहेमानभाई हसले. "आमची हमीदा मॅट्रिक आहे, नवसाबाई. तिला शो म्हणायची लाज वाटते."

"मंग वांगी जायचीच," नवसाबाई म्हणाल्या.

हमीदाने माझ्यातल्या सगळ्या चिठ्ठ्या बाहेर काढल्या आणि मला रिकामे केले.

त्या दिवशी ठरले ते असे. झारीची मजुरी रहेमानभाईंनी घ्यायची नाही, आणि नवसाबाईंनी दर बुधवारी बंगल्यांवर कानी पडलेले तीन बोल आणायचे. त्यांना लिहिता येत नव्हते. म्हणून प्रत्येक बोलाची खूण म्हणून त्या एक वस्तू पदराच्या गाठीत बांधून आणत. पुट आऊटसाठी जळकी काडी. टेक ऑफसाठी चपलेचा अंगठा, कारण मडम व्हरांड्यात येण्याआधी चपला काढायला लावी. पिक आऊटसाठी किडका वाटाणा, म्हणजे वाईट दाणे निवडून काढ. मेजवानी पुढे ढकलली गेली आणि फुले परत आली, त्या दिवशी पुट ऑफसाठी झेंडू आला. पुट अवेसाठी आली एक मोडकी किल्ली. मडम रोज जेवणानंतर चांदीचे चमचे कपाटात ठेवायला सांगत असे. ती किल्ली हमीदाने बराच वेळ हातात धरली होती.

वस्तू हातात घेऊन हमीदा ते वाक्य तीनदा मोठ्याने म्हणे, मगच चिठ्ठी लिही. तेरा बुधवारांत एकोणचाळीस वस्तू आणि एकोणचाळीस चिठ्ठ्या झाल्या.

परीक्षेच्या दिवशी मी घरीच होतो. संध्याकाळी ती भावाला सांगत होती, ते मी ऐकले.

"आठ हुकूम कळले, भाईजान. नववा नाही. थर्मामीटर दिला आणि म्हणाल्या, शेक इट डाऊन."

"मग?"

"मान अर्धी हलली होती. मग वांगी आठवली. म्हटलं, 'मॅडम, शो मी.'"

"रागावल्या?"

"नाही. मनगटाला झटका देऊन दाखवलं. पारा उतरला. मग थर्मामीटर माझ्या हातात दिला, 'कॅरी ऑन' म्हणाल्या, आणि दुसऱ्या रोग्याकडे निघून गेल्या."

"याची वस्तू कुठली?"

"याला वस्तू नाही. मी काम करत राहिले, एवढंच."

त्या रात्री तिने शेवटच्या दोन चिठ्ठ्या लिहिल्या. शेक डाऊनबरोबर पुढे थर्मामीटरच्या डबीचे बूच आले. कॅरी ऑनची चिठ्ठी एकटीच राहिली.

हमीदाला जागा मिळाली आणि मला सगळे विसरले. चिठ्ठ्या आणि वस्तूंची पुरचुंडी फळीवर गेली, आणि अडीच वर्षे रहेमानभाईंनी माझ्यात पत्रे जोडायची रिबिटे ओतून ठेवली. ओल लागली, बिजागरी गंजली, एक कोपरा खाल्ला गेला. कोणी दुष्टपणा केला नाही, मित्रांनो. फक्त कोणी पाहिले नाही. मग नवसाबाई पुन्हा झारी घेऊन आल्या. "आपला डबा कुठं हाय?" त्यांनी विचारले, आणि माझी दशा पाहून रहेमानभाईंना असे फैलावर घेतले की त्यांनी त्याच दुपारी माझा कोपरा डाख देऊन झाळला आणि बिजागरीला तेल घातले. त्या रविवारी हमीदाने पुरचुंडी पुन्हा माझ्यात रिकामी केली आणि ती मला इस्पितळात घेऊन गेली.

मित्रांनो, घरातला जुना डबा टाकण्याआधी एकदा उघडून पाहा. तो कोरडा ठेवा, आणि त्यात जे साठवले आहे ते वरचेवर हाताळत जा. न वापरलेल्या वस्तूला गंज फार लवकर सापडतो.

इस्पितळात आल्यापासून पाच नव्या मुलींनी माझे झाकण उघडले आहे. पहिल्या दिवशी न समजता मान हलवलेल्या: तीन. आठव्या दिवशी: शून्य.