निंबोळवाडीचं शून्य

चौऱ्याऐंशी साली कर्नाटकाच्या हद्दीवरल्या निपाणीच्या आसपासच्या गावांत गॅस्ट्रोची साथ पसरली, तेव्हा सिद्राम तिथल्या एका आरोग्य केंद्रात कारकून होता. दर शनिवारी गावोगावच्या नर्सबाईंचे कागद यायचे. कुठं किती आजारी, किती दगावले, याचा तक्ता करून तो बेळगावला धाडायचा.

त्या तक्त्यात त्याला निंबोळवाडी खटकू लागली. तीन आठवड्यांत त्र्याहत्तर आजारी आणि मृत्यू एकही नाही. शेजारच्या गावात चाळीस आजारी, त्यात चार गेले. ओढा तोच, माणसंही तशीच.

"तिथली बाई हुशार आहे," डॉक्टरसाहेब म्हणाले. "सलाईन आधी जिथं माणसं मरतायत तिकडं जाऊ दे."

सिद्रामला हे पटेना. निंबोळवाडीची नर्स अक्काताई मृत्यू दडपते, असं त्याच्या मनानं घेतलं. रविवारी कुणाला न सांगता तो बसनं निंबोळवाडीला गेला.

अक्काताई ओट्यावर बसून मीठसाखरेचं पाणी ढवळत होती.

"आक्का, गावात खरंच कोण मेलं न्हाय?"

"कोण म्हणतंय असं?"

"तुमचा कागद."

"माझा कागद असं म्हणत न्हाय," ती म्हणाली आणि पेला घेऊन आत रोग्याकडं गेली.

बाईनं उत्तर टाळलं, असंच त्यानं धरलं. मग तो एकटाच गल्लीत शिरला. तिसऱ्या घरात गंगव्वा भेटली. तिचा नवरा भरमा जाऊन पंधरा दिवस झाले होते.

"हितंच गेला?"

"न्हाय. हद्दीपल्याड न्हेलतं गाडीतनं. त्योच दवाखाना जवळ पडतोय. दुसऱ्या दिवशी मढंच आणलं."

दुपारपर्यंत अशी सहा घरं निघाली. सहाही जण पलीकडं, महाराष्ट्रात मेलेले. सिद्राम तावातावानं परतला.

"सहा माणसं, आक्का! का लिहिली न्हाईत?"

अक्काताईनं पेटीतून आपल्या कागदांच्या नकला काढून त्याच्यापुढं टाकल्या. सहाही नावं तारखांसकट होती. पुढं शेरा होता: 'निंबोळवाडीचा रहिवासी, महाराष्ट्रात मृत्यू.'

शेरा सिद्रामच्या ओळखीचा होता. आपल्या हद्दीत झालेलेच मृत्यू धरायचे, असा कचेरीचा नियम होता. बाहेरचा शेरा दिसला की तो तांबड्या शाईनं रेघ मारायचा, नाव वाचायच्या आधीच.

"पल्याडचं म्हणत्यात, माणूस कर्नाटकचा, आमच्या हिशेबात न्हाय," अक्काताई म्हणाली. "तुमी म्हणताय, मेला तिकडं. आन मरत कोण न्हाय म्हणून मला सलाईन न्हाय!"

सोमवारी त्यानं सहाही नावं तक्त्यात घेतली. साहेबांनी भुवया चढवल्या.

"एकदम सहा? म्हणजे बाईनं इतके दिवस दडवले."

गप्प बसणं सोपं होतं.

"दडवलं न्हाय, साहेब. मीच खोडलंतं."

त्यानं तसं लिहून दिलं. त्याला मेमो मिळाला आणि दुसऱ्या दिवशी सलाईन घेऊन जीप निंबोळवाडीला गेली.

पण जुने सहा मृत्यू या आठवड्याच्या तक्त्यात चढले होते. बेळगावच्या एका पेपरात बातमी आली: 'निंबोळवाडीत आठवड्यात सहा बळी.' खरं तर त्या आठवड्यात तिथं कुणीच दगावलं नव्हतं. गाव हादरलं. लोकांनी बायकापोरं पाहुण्यांकडं धाडली. आणखी मढी कुठं लपवलीस, म्हणून अक्काताईला धारेवर धरलं.

सिद्राम पुन्हा गेला. चावडीसमोर उभं राहून त्यानं एकेक नाव तारखेसकट वाचलं.

"भरमा, सोळा तारीख."

"व्हय, सोळाच," गंगव्वा म्हणाली.

कुणी मान डोलावली, कुणी तसंच संशयानं बघत राहिलं. म्हातारा मायाप्पा काठी टेकत पुढं आला.

"ह्यो सा जणांचा हिशेब लागला. पर ह्याच्या आदी कितींदा साथ आली, तवा किती खोडलंस रं?"

मागच्या चार वर्षांचे नर्सबाईंचे कागद कचेरीच्या कपाटात होते. त्यावरच्या तांबड्या रेघा सिद्रामनं कधी मोजल्या नव्हत्या.

"ठावं न्हाय, आप्पा," तो म्हणाला.