मूठ कशावर वळते

सर ते सगळ्यांसमोर बोलले. आठवड्याची बैठक चालू होती, चहाचे कप अजून अर्धे भरलेले होते आणि पडद्यावर तिच्या प्रयोगाची आडवी रेघ पसरली होती.

"हाताला गुण लागतो," सर म्हणाले. "तो सगळ्यांना नसतो. पुढच्या बैठकीपर्यंत बघू. नाहीतर यंत्र याला दे आणि तू सगळ्यांची द्रावणं करून देत जा."

याला म्हणजे तिच्या शेजारच्या टेबलावरच्या जाड्याला. जाड्यानं मान खाली घातली आणि बिस्किटाकडे असं पाहिलं, जणू तेही त्याच्या संशोधनाचा भाग आहे. बाकीचे तर श्वाससुद्धा जपून घेत होते. शिकल्यासवरल्या माणसांच्या खोलीत एखाद्याची अब्रू काढली की अशीच शांतता पसरते. तिला सभ्यपणा म्हणायचं.

द्रावणं ढवळत बसायचं म्हणजे तिचं संशोधन संपलं, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तिचं काम एका धाग्यावर होतं. आरएनएचा धागा, ए, यू, जी, सी या चारच अक्षरांत लिहिलेला, जीवाणूच्या पेशीतला. याला रायबोस्विच म्हणतात, म्हणजे स्वतःच स्वतःला चालू-बंद करणारं बटण. धाग्याची अक्षरं एकमेकांशीच जोड्या लावतात आणि तीन दांड्या तयार होतात. त्यातल्या दोन दांड्यांच्या टोकाचे फास वर एकमेकांना टेकतात. साऱ्या धाग्यावर ऋण भार, त्यामुळे जवळ आला की तो स्वतःलाच ढकलतो. धन भाराचं मॅग्नेशियम मध्ये पडलं की भांडण मिटतं. तिन्ही दांड्या जिथे मिळतात, तिथल्या सांध्यात एक इवलीशी जागा असते. पेशीत ग्वानिन नावाचा छोटा रेणू पुरेसा झाला, की तो या जागेत येऊन बसतो, धागा आपला आकार बदलतो आणि ग्वानिन बनवण्याचं काम बंद पडतं.

सांगणारे सगळीकडे कुलूप-किल्ली सांगतात. तिला त्या उपमेचा संताप यायचा. कुलूप आधीच तयार असतं, किल्लीची वाट बघत लटकलेलं. इथे सांधा आधी सैल असतो, लोंबता. रेणू आत शिरतो, एका अक्षराला धरतो आणि मग भोवतालचे पदर त्याच्यावर मिटतात. कुलूपच किल्लीभोवती तयार होतं म्हणा ना.

उष्णता मोजणाऱ्या यंत्रात ती धाग्याच्या द्रावणात ग्वानिन थेंबाथेंबानं सोडायची. रेणू धरला गेला की किंचित उष्णता निघते आणि रेघेला दात फुटतात. तिच्या रेघेला दात येतच नव्हते. धागा तिनं पुन्हा बनवला, पुन्हा धुतला. तुकडे झालेत का ते पाहिलं, नव्हते झाले. मॅग्नेशियम कमी करून पाहिलं, वाढवून पाहिलं. रेघ आपली आडवीच.

घरी आईचा हातही तसाच पडून होता. अर्धांगाच्या झटक्यानंतर पाय सावरला, जीभ तर पहिल्यापेक्षा धारदार झाली, पण उजवा हात काही ऐकेना. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईनं रबरी चेंडू दिला होता.

"आई, मूठ कर."

"करतेय की."

बोटं तशीच.

"झाली?"

"झाली असती तर तुला दिसली नसती का? एवढी शिकलीस ना?"

तिनं चेंडू आईच्या तळहातावर ठेवला. तो घरंगळून पलंगाखाली गेला. ती ओणवी होऊन शोधू लागली, तशी आई म्हणाली, "राहू दे तिकडेच. जन्मात कधी चेंडू धरला नाही, आता म्हातारपणी झेल घेऊ होय? त्या मास्तरणीला सांग, तूच खेळ म्हणावं."

"मग काय देऊ तुला?"

"माझी कात्री दे."

आई कपड्यांच्या कारखान्यात कापणारी होती. थरावर थर ठेवलेलं कापड एका दमात कापायची.

"लागेल, आई."

"माझीच कात्री मला लागणार? आण म्हणते ना!"

ड्रॉवरमधली ती जड काळी कात्री तिनं आणली. अंगठा एका कड्यात घातला, उरलेली बोटं दुसऱ्या कड्याशी नेली. आईनं डोळे मिटले. बोटं थरथरली. मग करंगळी वळली, तिच्यामागून बाकीची, सावकाश, रुसलेली माणसं जेवायला येतात तशी. मूठ पुरती आवळली नाही, पण कात्री खाली पडली नाही.

"बघितलंस?" आईचा आवाज ओला झाला होता. "हात मेला नव्हता गं. तुम्ही त्याला भलतंच काहीतरी देत होता."

दुसऱ्या दिवशी तिनं कपाटातून अडेनिनची, म्हणजे ग्वानिनच्याच जातीच्या दुसऱ्या रेणूची, बाटली काढली.

"अगं, अडेनिन?" जाड्या म्हणाला. "त्याला तर तिथे जागाच नाही. ज्याला बोलावलंय तो बसेना, आणि तू शेजाऱ्याला आवतण देतेस!"

"बघू दे की. शेजारी भुकेला असेल."

खरं तर ही तपासणी आधीच व्हायला हवी होती. न चिकटणारा रेणू खरंच चिकटत नाही, एवढं दाखवायला. पण सर म्हणाले होते, आधी चिकटणारा चिकटू दे, वेळ घालवू नकोस.

पहिला थेंब पडला. रेघ खचकन खाली गेली आणि वर आली. दुसरा. तिसरा. दात, एकाशेजारी एक, आणि धागा भरत गेला तसे लहान होत गेलेले.

तिनं आधी स्वतःवरच संशय घेतला. हाताला गुण नाही हे कानात इतकं बसलं होतं, की बाटल्याच अदलाबदल झाल्या असणार असं तिला वाटलं. यंत्र धुतलं, नवं अडेनिन तोललं, पुन्हा थेंब सोडले. पुन्हा दात.

मग ती खुर्चीत बसली आणि शांतपणे विचार करू लागली. सांध्यातलं जे अक्षर रेणूला धरतं ते सी असेल तर ग्वानिन बसतं. त्याच जागी यू असेल तर अडेनिन. बाकी सगळी घडी तीच. फरक एका अक्षराचा. म्हणजे धागा आजारी नव्हता, तिचे हात आजारी नव्हते. धागाच दुसरा होता.

धागा ज्यावरून बनतो तो डीएनएचा मूळ साचा तिनं अक्षरं वाचून घ्यायला पाठवला. उत्तर आलं: तिथे यू होता. आणि साचा मागवताना ती अक्षरं सरांनी स्वतः टंकून दिली होती. "मीच देतो, तुम्ही लोक चुका करता," असं म्हणत, दुसऱ्या कुणीतरी प्रयोगासाठी मुद्दाम अक्षर बदलून काढलेल्या आकृतीवरून घाईघाईत उतरवून.

बैठकीआधी ती सरांच्या खोलीत गेली आणि सगळं समोर ठेवलं. सरांनी रेघेवरचे दात बोटानं मोजले.

"छान आहे की," शेवटी म्हणाले. "आपण मुद्दाम अक्षर बदलून पाहिलं असं सांगू."

"आपण?"

"अगं, चूक कुणाची याला काय महत्त्व?"

"आडवी रेघ माझी होती तेव्हा होतं ना महत्त्व." तिचा आवाज चढला नाही. "सर, एक वाक्य तुम्ही सगळ्यांसमोर बोललात. ते सगळ्यांसमोर परत घ्या. मग मी दात दाखवते."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. नंतर मान डोलावली.

बैठकीत ते कपातल्या चहाकडे बघत म्हणाले, "अक्षर माझ्याकडून चुकलं होतं. हिच्या हाताला... म्हणजे, हिचे हात ठीक आहेत."

"सर, मागे नीट ऐकू आलं नाही," जाड्या म्हणाला. तो पहिल्याच रांगेत बसला होता.

कुणीतरी फिसकन हसलं. सरांचे कान लाल झाले. "हिच्या हाताला गुण आहे!" ते जवळजवळ ओरडलेच. "आता पुढचं चित्र दाखव."

तिनं दाखवलं.

घरी आई पलंगावर वर्तमानपत्र पसरून बसली होती, कात्री मुठीत. मुलीनं सगळं सांगितलं.

"मग म्हणाला का तो?"

"म्हणाला."

"मोठ्यानं?"

"दुसऱ्यांदा मोठ्यानं."

आईनं ओठ दाबले, अंगठा रेटला. कात्री कर्र करत मिटली आणि कागदाला बोटभर चीर पडली, वाकडीतिकडी.

"वाकडं गेलं," आई म्हणाली, आणि कात्री पुन्हा उघडू लागली.