राहून गेलेली खूण

शहाद्यात विजेच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या हेमकांतने केळी वेफर्सच्या पॅकिंग मशीनची सर्वो मोटार खोलली, रोटरची म्हणजे फिरणाऱ्या भागाची जागा सांगणारा एन्कोडर काढून बेअरिंग बदललं आणि ऐटीत सुरू केली. ती झटका देऊन उलटीच फिरली.

“ड्राइव्ह खराब शे,” मोटारीला वीज पुरवणाऱ्या कंट्रोलरवर खापर फोडत त्याने ठणकावलं.

मशीन चालवणाऱ्या काजलने विचारलं, “भाऊ, एन्कोडर काढाना पहिले खूण करी व्हती का?”

हेमकांतचा चेहरा खर्रकन उतरला. नवशिक्यांना हाच धडा तो छाती फुगवून शिकवायचा! त्याने मोटारीच्या तारांच्या वाइंडिंगला थोडा डीसी करंट देऊन रोटर एका जागी धरला, एन्कोडर शून्य दाखवेपर्यंत फिरवला आणि आवळला. मोटार सुतासारखी सरळ चालली.

“हाई कोणले सांगू नको,” तो म्हणाला.

काजलने मान डोलावली आणि शब्द पाळला. पण चहाच्या टपरीवर हेमकांतलाच राहवेना. आपली फजिती त्याने स्वतःच तिखटमीठ लावून सांगितली.