मास्तरांची जागा

मास्तर केंद्रातून घरी आले, पण केंद्र काही मास्तरांतून जाईना. सकाळी कुणी घंटा वाजवली नाही, म्हणून ते पांघरुणाची चौकोनी घडी घालून पलंगावर ताठ बसून राहिले. मग बाथरूमकडे बोट दाखवून त्यांनी बायकोला विचारलं, "जाऊ का?"

"जा की," बायको म्हणाली. "पण कडी लावू नका."

मास्तर पेशानं शिंपी. दारूपायी हात असे थरथरू लागले की एका वकिलाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्याच लागल्या. तेव्हा घरच्यांनी त्यांना व्यसनमुक्ती केंद्रात दाखल केलं. तो मुक्काम आता संपला होता. यापुढे दिवसभर केंद्रात आणि रात्री घरी. केंद्रातल्या समुपदेशक बाईंनी घरच्यांना बजावलं होतं, "इथं आम्ही आहोत, घरी तुम्ही आहात. मधल्या रस्त्यावर मात्र सोबतीला कुणी जायचं नाही. तो त्यांचा त्यांनाच चालू द्या."

आता त्या मधल्या रस्त्यावरच, नाक्याला, बार होता, त्याला कोण काय करणार?

"पुन्हा आत जावं लागलं, तर या वेळी मी भेटायला येणार नाही," बायकोनं सांगून टाकलं. ती रागानं बोलली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं. ती भांडी पुसता पुसता बोलली.

घरात सगळ्यांची नाकं कामाला लागली होती. खोकल्याचं औषधसुद्धा कुलपात गेलं होतं. लेक कानात गुपित सांगायला म्हणून जवळ यायची, तोंडाचा वास घ्यायची आणि गुपित सांगायचं विसरून जायची. तेवढे सासरे लांब होते. ते या घरातच राहत, पण जावयाशी कामापुरतं बोलत. जन्मभर ग्रंथालय सांभाळलेला शिस्तीचा माणूस. बारची पाटी दिसली की पलीकडच्या फुटपाथवर जाणारा. त्यांनी आपल्याला कधीच निकालात काढलंय, अशी मास्तरांची खात्री होती.

संध्याकाळी केंद्र सुटलं आणि मास्तर खाली मान घालून निघाले. नाक्यापर्यंत सगळं ठीक होतं. तिथं बारची पाटी दिसली. कोपऱ्यातलं आपलं स्टूल आठवलं. त्याची गादी त्यांनीच शिवली होती. नुसतं डोकावू, वेटरची खुशाली विचारू, असं ते स्वतःला समजावत राहिले. बायकोचं बोलणंही आठवलं. तरी हातानं दार ढकललंच.

आत चिडीचूप. गिऱ्हाइकं कुजबुजत होती, वेटर चवड्यांवर चालत होता. आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर, लिंबू सोडा पुढ्यात घेऊन, सासरे पुस्तक वाचत बसले होते.

वेटर मास्तरांच्या कानाशी लागला. "यांना घेऊन जा हो. दुपारपासून बसलेत. कुणी ग्लास जरा जोरात ठेवला तरी चष्म्यावरून बघतात. धंदा बसला माझा."

सासऱ्यांनी पुस्तकात खूण घातली. दोनच पानं उरली होती.

"बाईंनी रस्त्यावर यायला मनाई केली होती," ते म्हणाले. "हा काही रस्ता नाही. गादीवरची तुमची शिवण ओळखली. म्हटलं, तुमची जागाच अडवली तर बसाल कुठे?"

मास्तरांना हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. दोघं बाहेर पडून घरी आले.

बायको दारातच उभी होती. "तोंड उघडून हाऽ करा." मास्तरांनी हाऽ केलं. कसलाच वास नव्हता. तिनं सुटकेचा श्वास घेतला, आणि त्या श्वासाबरोबर बापाच्या सदऱ्याला लागलेला बारचा वास तिच्या नाकात शिरला.

"बाबा? तुम्ही?"

"मीच गेलो होतो, हौसेनं," सासरे भिंतीकडे बघत म्हणाले. "जावईबापू बिचारे मला न्यायला आले."

जन्मात खोटं न बोललेला माणूस. कान लालभडक झाले होते. मास्तरांना आता फक्त गप्प बसायचं होतं. त्या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"नाही गं," ते म्हणाले. "बाबा आत आहेत हे मला ठाऊक नव्हतं. दार मी माझ्यासाठीच ढकललं."

बायकोनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग दारातून बाजूला झाली.

"उद्या मागच्या गल्लीनं येईन," मास्तर म्हणाले.

"या," ती म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसून बापाकडे वळली. "तरी बाबा, उद्या जरा जाडं पुस्तक न्या."