डावं चाक उलटं

माझ्या गाडीला डबा म्हनायचं नाय. आधीच सांगून ठेवते, मग माझं तोंड सुटलं तर मला बोलायचं नाय. सत्तावीस वर्षांची डिझेल जीप हाय, फोर-बाय-फोर. सारसोळ्याच्या जेट्टीवर ज्या बोटी तुमाला रंग लावून उभ्या दिसतात ना, त्यातली एक न एक ह्या गाडीनं खाडीतून वर ओढलीय. सोसायटीतले लोक सकाळी फिरायला येतात, नाकाला रुमाल लावून "आंटी, किती धूर!" करतात. मी म्हनते, बाबा, तू राहतोस तिथं आमची जाळी सुकायची. तवा कोनी नाकाला रुमाल लावला नाय. तुला धूर नको तर दुसरीकडं फिर, नेरूळ काय लहान हाय?

माझा नवरा गंगाराम तीन वर्षांपूर्वी गेला. गाडी त्याचा जीव होती. तो गेल्यावर सगळ्यांना वाटलं, आता उज्वला जीप भंगारात देनार. दिली नाय. डिझेल संपून पाइपात हवा धरली तर फिल्टरवरचा पंप अंगठ्यानं किती वेळा दाबायचा, सकाळी हीटरचा दिवा विझेपर्यंत चावी का नाय फिरवायची, सगळं शिकली. खारं पानी लागलं की घरी आल्या आल्या गोड्या पान्यानं धुवायची अन् गाडीखाली आडवी पडून चेसीला जळकं ऑईल फासायचं. माझे केस धुतले तरी उशीला डिझेलचा वास येतो. येऊ दे. पासिंगला गेली तवा तिथला साहेब बोलला, "मॅडम, मिस्टरांना पाठवा." मी बोलली, "वर पाठवू का तुमालाच, भेटायला?" पासिंग झालं.

आता माझा दीर हरेश. हा एक नमुनाच हाय. म्हनतो, गाडी बाबानं दोघा भावांसाठी घेतली होती, गंगारामदादा गेला, आता माझ्या दारात उभी राहिली पायजे. अरे, भाऊ जिता होता तवा तू एक नट आवळला नाय! दसऱ्याला हार घालायला तेवढा पुढं, तो पन फोटोसाठी. पेपर गंगारामच्या नावावरून माझ्या नावावर झाले तवापासून तर त्याच्या पोटात जास्तच दुखायला लागलं. दर पावसाळ्याआधी त्याची बोट वर काढायला वयनीला "चला" म्हनावं लागतं, ती खरी दुखती नस. चार मानसांत बोलायचा, "बाईच्या हातात स्टेअरिंग, अन् आमी दोरी धरायची. लोक हसतात."

राजश्री, त्याची बायको, तिच्याशी मात्र माझं काय भांडन नव्हतं. खरं सांगायचं तर गंगाराम गेला तवा दोन महिने माझ्या घरात चूल तिनंच पेटवली. मी जेवत नव्हती तर हाताला धरून बसवायची. "बाय, दोन घास खा गो, तुला माझी शप्पथ." नवऱ्याला पन तिनं दहा वेळा सांगितलं, गाडी राहू दे तिच्याकडं. तो ऐकतो होय? मीच कधीमधी तिच्यावर पन चिडायची, का तर ती त्याची बायको. माझा सोभाव हाय तसा.

शेवटी भांडन गोटीरामदादाकडं गेलं. म्हातारा सत्तरीचा, जेट्टीवर त्याचा शब्द कोन मोडत नाय. त्यानं दोघांचं ऐकलं, तंबाखू मळली अन् बोलला, "येत्या रविवारी भरतीला हरेशची बोट काढायची हाय. हरेश, तूच चालव. बोट वर आनलीस तर गाडी तुझ्या दारात. नाय आनलीस तर परत गाडीचं नाव काढायचं नाय. उज्वला, कबूल?"

हरेशला तर लॉटरीच लागल्यासारखं झालं. पोरगा असल्यापासून टेम्पो चालवलाय त्यानं. जीप काय, गिअर टाकला की चालली. मी तोंड वाकडं केलं अन् बोलली, "कबूल."

मनात मात्र माझ्या हसू फुटत होतं. का ते सांगते.

ह्या जुन्या गाडीत नुसता दांडा ओढून फोर-बाय-फोर होत नाय. पुढच्या दोन्ही चाकांना मधोमध एकेक गोल टोपन असतं, त्याला हब म्हनतात. खाली उतरून ते हातानं फिरवायचं. बान 'लॉक'वर आला की पुढची चाकं ओढायला लागतात. 'फ्री'वर असलं की नुसती फिरतात. एक जरी सुटं राहिलं तरी पुढून काय ओढ लागत नाय, सगळा भार मागच्या दोन चाकांवर. आठ वर्षांपूर्वी डावा हब फुटला. नवा मिळंना, म्हनून गंगारामनं कुठल्या तरी मोडलेल्या गाडीचा बसवला, अन् तो बसला उलटा. डाव्या चाकाला बान 'लॉक'वर असला की चाक सुटं, अन् 'फ्री'वर केला की पकडतं. मी बोलली नीट करून घ्या. तो हसला. "राहू दे गं. चोरानं नेली तरी चिखलात बसंल." आमा दोघांशिवाय हे कोनाला ठाऊक नव्हतं. माझी पोरगी भाविका, तिला पन नाय. ती वाशीला ऑफिसात असते, तिला गाडीत इंटरेस्ट नाय.

म्हनजे हरेश उतरनार, शान्यासारखा दोन्ही बान 'लॉक'वर करनार, अन् सगळ्या जेट्टीसमोर मागची चाकं गरागरा फिरवत बसनार. मला काय करायचंच नव्हतं. फक्त तोंड बंद ठेवायचं होतं, जे मला जन्मात जमलं नाय. त्या आठवड्यात जमलं.

रविवारी सकाळी दहाला भरती. अर्धं गाव जेट्टीवर. बोट उताराच्या पायथ्याशी आनून लावली. उताराचा खालचा भाग कायम ओला, शेवाळानं हिरवागार. जीप वर तोंड करून उभी, तिच्या मागच्या हुकाला जाड दोरी, दोरीचं दुसरं टोक बोटीच्या नाळेला, म्हनजे पुढच्या टोकाला. बोट सरकावी म्हनून तिच्याखाली गोल ओंडके टाकतात. पुढचा ओंडका टाकायला एक मानूस बोट अन् गाडी ह्यांच्या मधे वाकून बसतो. बोट मागं जाऊ नये म्हनून तिला मागून दगडांचा अडसर असतो, ती जागची हलत नाय. पन गाडी मागं आली तर मधल्या मानसाला जागा राहत नाय. गंगारामच्या वेळेला ह्याची कोनाला भीतीच नव्हती. चार चाकं चिकटून ओढायची, गाडी एक इंच मागं यायची नाय.

हरेशनं चावी घेतली. माझ्याकडं बघून बोलला, "वयनी, काय सांगायचं हाय का गाडीचं? मागून बोलाल सांगितलं नाय."

बघा, विचारलं त्यानं. सगळ्यांसमोर विचारलं.

मी बोलली, "तुला काय सांगायचं? टेम्पोवाला तू."

लोक हसले. तो पुढच्या चाकांशी वाकला, उजवा हब 'लॉक', डावा हब 'लॉक', अन् गाडीत चढला. मी मनातल्या मनात गंगारामला बोलली, बघ हां आता मज्जा.

मधे वाकून बसली राजश्री. नवऱ्याची बोट, दुसरं कोन बसनार? लुगडं खोचून, हातात ओंडका घेऊन, वर मान करून माझ्याकडं बघून हसली पन.

हरेशनं गिअर टाकला. इंजिन ओरडलं, काळा धूर, दोरी ताठ झाली, अन् मागची चाकं शेवाळावर गरागरा फिरली. गाडी वर जायच्या ऐवजी मागं आली. दोन हात. राजश्री ओंडका टाकून बाजूला उडी मारून पडली. लोक ओरडले, हरेशनं ब्रेक मारला, चाकं अडली तरी गाडी अजून थोडी घसरून थांबली.

"काय नाय झालं, काय नाय झालं," राजश्री हात झटकत उठली. कोपर सोललं होतं. परत जाऊन बसली.

अन् मी? मी हाताची घडी घालून उभी होती. मला हरेशचं तोंड बघायचं होतं, अन् ते बघायला मिळालं. लालबुंद. मागून कोनतरी बोललं, "टेम्पो आन रे, हरेश!" मी पन हसली. राजश्रीचं कोपर मी बघितलं. नाय बघितलं असं खोटं नाय बोलनार. बघितलं, अन् मनात म्हनली, अजून एकदा फिरू दे चाकं, मग हा आपल्या तोंडानं म्हनेल, वयनी, तुमीच काढा. एवढंच मला ऐकायचं होतं.

हरेशनं गाडी थोडी पुढं घेतली, दोरी परत ताठ केली. "ह्या टायमाला जोर देतो," तो ओरडला. राजश्रीनं कमरेवर हात दाबला, तोंड वाकडं केलं. तेवढ्यात माझी भाविका पुढं झाली. कधी चप्पल काढली, कधी उतारावर गेली, मला कळलंच नाय.

"काकी, तू हो बाजूला. तुझी कंबर दुखते. मी बसते."

अन् बसली. मधे. पाठ गाडीकडं करून.

हरेशनं ॲक्सिलेटर दिला.

"बंद कर!" मी एवढ्या जोरात ओरडली की माझाच गळा फाटला. "हरेश, बंद कर! डावा हब उलटा हाय! 'फ्री'वर कर, 'फ्री'वर! भाविका, ऊठ तिथून! ऊठ!"

इंजिन बंद पडलं. भाविका ओंडका हातात घेऊन उठून उभी राहिली. हरेश खाली उतरला, डाव्या चाकाशी गेला, वाकला, टोपन 'फ्री'वर फिरवलं. तो परत चढला, भाविकाला लांब उभं केलं, गिअर टाकला, अन् गाडी एकदम गपगुमान बोट घेऊन वर चढायला लागली. दोघा गड्यांनी बाजूनं ओंडके सरकवले. दहा मिनिटांत बोट वर. गंगाराम असता तर त्यानं पन एवढ्यातच आनली असती.

बोट वर आली तरी कोनी टाळी वाजवली नाय. भाविका माझ्याजवळ आली. तिचे हात शेवाळानं भरलेले. "आई, तुला ठाऊक होतं?"

मी बोलली, "माझ्या गाडीचं मला ठाऊक नसनार तर कोनाला?" माझं तोंड असंच हाय. घाबरली की जास्तच चालतं.

हरेश बोनेटला हात लावून उभा होता. मला वाटलं आता शिव्या देनार. मी तयार होती, माझ्याकडं पन होत्या. पन बोलली राजश्री. सोललेलं कोपर पदरानं पुसत होती. आवाज चढवला नाय, काय नाय.

"मी बसली होती तवा गप होतीस ना गो, बाय?"

एवढंच. मी तोंड उघडलं. म्हटलं काहीतरी बोलू, असं नव्हतं, तसं नव्हतं, मला वाटलं तू उडी मारशील. पन्नास वर्षांत पहिल्यांदा उज्वलाला शब्द सापडला नाय, अन् ते सगळ्या गावानं बघितलं.

गोटीरामदादा खाकरला. "बोट तर वर आली. शब्दापरमानं गाडी हरेशची."

"नको," राजश्री बोलली. "तिची तिला द्या. माझ्या दारात ती गाडी नको."

हरेशनं बायकोकडं बघितलं, मग चावी बोनेटवर ठेवली अन् चालायला लागला. माझ्या हातात सुद्धा दिली नाय.

तर गाडी माझ्याकडंच हाय. जिंकली मी. त्या वर्षी बाकीच्या बोटी काढायला करावे गावातून ट्रॅक्टर आनला लोकांनी. मला कोनी विचारलं नाय, मी पन गेली नाय. भाविका रविवारी येते, जेवते, जाते. गाडीचं नाव काढत नाय. मी पांढरा रंग आनून डाव्या चाकावर मोठा बान काढलाय, अन् खाली लिवलंय, 'हा उलटा हाय'. आता कोनालाही वाचता येईल. पन वाचायला कोन येतंय?

तरी रोज सकाळी मी गाडी चालू करते. डिझेल गाडी उभी ठेवली की बसते. दिवा विझेपर्यंत थांबते, चावी फिरवते, दहा मिनिटं इंजिन चालू देते. त्याच वेळेला राजश्री डोक्यावर पाटी घेऊन बाजाराला निघते. आधी गाडीच्या मागूनच जायची, जाताना टपावर एक थाप मारायची. आता माझ्या दारापर्यंत येते अन् रस्ता ओलांडते. गाडी मागं पडेपर्यंत पलीकडून चालते, मग परत ह्या बाजूला येते.